ज्याने सडा दाखवला त्याचे नाव : कोकणातल्या अभ्यासकांच्या आचारसंहितेमागचा इतिहास

दापोलीच्या कृषी विद्यापीठातला संशोधक, सावंतवाडीचा प्राध्यापक, मुंबईत राहून पीएच.डी. करणारी गुहागरची मुलगी आणि देवगडचे निवृत्त मास्तर ही माणसे एरवी एका खोलीत जमली नसती. आता ती मोबाइलवर रोज एकमेकांशी बोलतात. सड्यावरची (म्हणजे जांभ्याच्या उघड्या पठारावरची) कातळशिल्पे, मालवणी बोली, खाडीतले मासे, जुने मोडी कागद असे विषय चालतात. बोलणे वाढले तशी भांडणेही वाढली, आणि अशा गटांना लेखी आचारसंहिता हवी हे बोलून दाखवले जाऊ लागले. मसुद्याचे पहिले वाक्य बहुतेक ‘सभ्य भाषा वापरावी’ असे असते. ते हवेच. पण भाषा अगदी सभ्य ठेवूनही दुसऱ्याचे काम लाटता येते, आणि ‘सर’ म्हणत म्हणत एखाद्या मुलीला गप्पही बसवता येते. आचारसंहितेचा इतिहास पाहिला तर शिष्टाचार हा तिचा सगळ्यात सोपा भाग असल्याचे दिसते.

वाद कसा घालावा याचे नियम आपल्याकडे फार जुने आहेत. तर्कशास्त्राच्या प्राचीन ग्रंथाने, न्यायसूत्रांनी, चर्चेचे तीन प्रकार केले : सत्य शोधण्यासाठी तो वाद, जिंकण्यासाठी तो जल्प, आणि स्वतःची बाजू न मांडता केवळ समोरच्याचे खंडन ती वितंडा. त्यात २२ निग्रहस्थाने दिली आहेत, म्हणजे जिथे पोहोचला की वादी हरला असे धरायचे त्या जागा. मूळ प्रतिज्ञा सोडून देणे, विषय सोडून भलतेच बोलणे, तेच ते पुन्हा सांगणे ही त्यातलीच. आजच्या कुठल्याही गटाच्या अॅडमिनला ही यादी ओळखीची वाटेल. चरकसंहितेच्या विमानस्थानातही वैद्यांनी आपसात करायच्या चर्चेचे दोन प्रकार आहेत, मैत्रीने केलेली आणि झुंज म्हणून केलेली. कोणाशी कशी चर्चा करावी याचा सल्लाही आहे.

मालवणात १८३७ साली जन्मलेल्या रामकृष्ण गोपाळ भांडारकरांनी ही शिस्त आधुनिक संशोधनाच्या भाषेत मांडली. इतिहास शोधणाऱ्याने निःपक्षपाती असावे, आपल्या देशाचा गौरव सापडावा म्हणूनही पुरावा वाकवू नये आणि देशाविषयी उलटा आकसही धरू नये, प्रत्येक साक्षीदार कितपत विश्वासार्ह आहे ते पाहावे, असा त्यांचा आग्रह होता. गावाच्या किंवा जातीच्या अभिमानापोटी रोज नवा ‘शोध’ पुढे येत असताना हा आग्रह मला आजही पहिल्या कलमाच्या योग्यतेचा वाटतो.

मात्र जुन्या वादसभेत मुळात कोणाला बसता येत होते? नियम उत्तम होते, पण दार मोजक्यांनाच उघडे होते. आणि दार उघडल्याचा कागद निघाला म्हणून माणूस आत येऊ शकतोच असे नाही, हे कोकणाइतके कोणाला ठाऊक असणार? १९२३ मध्ये सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळात मंजूर झाला आणि सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करायचे ठरले. महाडच्या नगरपालिकेने १९२४ मध्ये चवदार तळे खुले केल्याचा ठरावही केला. तरी त्या तळ्याचे पाणी घ्यायला २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकरांना हजारो लोकांसह तिथवर चालत जावे लागले. परतणाऱ्या लोकांवर हल्ले झाले, नगरपालिकेने त्याच वर्षी आपला ठराव मागे घेतला, आणि उच्च न्यायालयाचा निकाल लागायला १९३७ उजाडले. ‘गटात सर्वांना समान स्थान आहे’ हे वाक्य लिहिताना महाड आठवावे. हक्क कोणी अडवला तर काय होईल, हे पुढच्याच ओळीत नसेल तर त्या वाक्याचा आधार कोणालाच मिळत नाही.

संगणकाच्या जाळ्यावरची आचारसंहिता मात्र अलीकडची. १९७९-८० मध्ये अमेरिकेतल्या ड्यूक आणि नॉर्थ कॅरोलायना या विद्यापीठांतल्या विद्यार्थ्यांनी यूझनेट हे चर्चागटांचे जाळे सुरू केले, आणि तिथल्या वादांतून न लिहिलेले संकेत तयार होत गेले. भारतात १५ ऑगस्ट १९९५ रोजी सामान्यांसाठी इंटरनेट आले. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये आरएफसी १८५५ हे इंटरनेटवरच्या शिष्टाचाराचे टिपण निघाले. त्यात दोन सल्ले आहेत : रागाचे उत्तर रात्र उलटल्याशिवाय पाठवू नका, आणि नव्या गटात लिहिण्याआधी महिना-दोन महिने नुसते वाचा. दोन्ही शहाणपणाचे. पण सगळे सारख्याच ताकदीचे आहेत आणि चूक होते ती फक्त उतावळेपणाने, असे त्यात गृहीत धरलेले दिसते.

हे गृहीतक पुढच्या वीस वर्षांत मोडले. मुक्त सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या समूहांत स्त्रिया आणि नवखी मुले टिकत नव्हती, आणि त्याचे कारण केवळ रागीट भाषा नव्हती. उबुंटूसारख्या मुक्त सॉफ्टवेअरच्या प्रकल्पाने सुरुवातीपासूनच आचारसंहिता ठेवली. २०१४ मध्ये कोरालाइन अॅडा एम्के यांनी ‘कॉन्ट्रिब्यूटर कव्हनंट’ हा आचारसंहितेचा नमुना लिहिला. तो पुढे हजारो प्रकल्पांनी घेतला आणि सप्टेंबर २०१८ मध्ये लिनक्स या संगणक प्रणालीचा गाभा असलेल्या लिनक्स कर्नल प्रकल्पानेही त्यावर आधारलेली संहिता स्वीकारली. विकिपीडिया चालवणाऱ्या विकिमीडियाच्या विश्वस्त मंडळाने २०२१ मध्ये सर्व भाषांसाठी एक समान संहिता मंजूर केली, त्यामुळे २००३ पासून चालत आलेला मराठी विकिपीडियाही तिच्या कक्षेत आला. या सगळ्यांत नवे काय होते? छळ कशाला म्हणायचे ते स्पष्ट लिहिले गेले, आणि तक्रार कोणाकडे करायची तेही.

आपल्याकडे कायद्याचा धाक उलट्या बाजूनेही बसला. नोव्हेंबर २०१२ मध्ये कोकणाच्या उत्तर टोकाला, पालघरमध्ये, फेसबुकवरच्या एका मजकुरावरून दोन तरुणींना अटक झाली. त्यानंतर गाजलेल्या खटल्यात २४ मार्च २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ऑनलाइन आक्षेपार्ह मजकूर गुन्हा ठरवणारे माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६अ रद्द केले. २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानेही सांगितले की समान हेतू किंवा आधी ठरवलेला कट नसेल, तर गटातल्या दुसऱ्याच्या मजकुरासाठी केवळ अॅडमिन म्हणून कोणी गुन्हेगार ठरत नाही. तरीही ‘पोलीस केस होईल’ या भीतीने चर्चा बंद करण्याची सवय गेलेली नाही. आचारसंहिता हे गप्प बसवण्याचे नवे हत्यार होऊ नये, म्हणून मतभेदाचे संरक्षण तिच्यात वेगळ्या कलमाने लिहावे लागते.

विद्यापीठांचे नियम आहेतच : २००९ चे रॅगिंगविरोधी, २०१५ चे लैंगिक छळाविरुद्धचे, २०१८ चे वाङ्मयचौर्याविरुद्धचे. हे तिन्ही विद्यापीठ अनुदान आयोगाचे आणि संस्थेच्या चौकटीतले. चार कॉलेजांतली, दोन विद्यापीठांतली आणि कुठल्याच संस्थेत नसलेली माणसे जिथे एकत्र येतात, त्या गटाला तक्रार ऐकणारी स्वतःची अंतर्गत समिती नसते. आणि २०१८ च्या नियमांची मोजपट्टी साम्याच्या टक्क्यांची आहे : १० टक्क्यांपर्यंत माफी, पुढे ४० आणि ६० टक्क्यांवर वाढत्या शिक्षा. सॉफ्टवेअरला लिहिलेला मजकूर तपासता येतो. गुराख्याने बोट करून दाखवलेली जागा त्यात कुठून सापडणार?

कोकणातला खरा तिढा इथे आहे. २०२२ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत कोकणची कातळशिल्पे आली. त्यात नऊ ठिकाणे आहेत : रत्नागिरी जिल्ह्यातली कशेळी, रुंढे तळी, देवीहसोळ, बारसू, देवाचे गोठणे, जांभरुण आणि उक्षी, सिंधुदुर्गातले कुडोपी आणि गोव्यातले फणसायमाळ. यांतली बरीच शिल्पे आसपासच्या माणसांना आधीपासून माहीत होती. कुडोपीच्या सड्याला गावकरी बाहुल्यांचा सडा म्हणतच आले आहेत. असे असताना ‘शोध’ कोणाचा? गटात फोटो टाकणाऱ्याचा, मोजमापे घेणाऱ्याचा, निबंध छापणाऱ्याचा, की उन्हात सोबत येऊन गवत बाजूला करणाऱ्याचा? वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांनी १९७८ मध्ये व्हँकुव्हरला जमून समान नियमांची सुरुवात केली आणि त्यातून पुढे लेखक कोणाला म्हणावे याचे निकष आले. त्या निकषांत वाट दाखवणारा लेखक ठरत नाही, फार तर आभाराच्या ओळीत येतो. माझ्या मते आपल्या गटांनी त्यापुढे जावे : माहिती देणाऱ्याला विचारून त्याचे नाव आणि गाव निबंधात द्यावे, आणि छापलेले त्याला मराठीत वाचून दाखवावे.

हे मागणे अवास्तव नाही. दक्षिण आफ्रिकेतल्या सान लोकांनी २०१७ मध्ये संशोधकांसाठी स्वतःची संहिता जाहीर केली. त्यामागे हुडिया वनस्पतीचा कडू अनुभव होता. तिच्या भूक मारणाऱ्या गुणाचे ज्ञान सानांचे होते, पेटंट एका सरकारी संशोधन संस्थेने घेतले, आणि लाभातला वाटा मिळण्याचा करार व्हायला २००३ उजाडले. आपल्याकडे २००२ च्या जैवविविधता कायद्याने स्थानिक पातळीवर लोकजैवविविधता नोंदवह्या आणल्या. नोंदवहीत वनस्पती येते; ती ओळखून देणाऱ्या आजीचे नाव आपण आपल्या लेखात लिहावे, हे मात्र कोणी कायद्याने सांगणार नाही.

जागेची अचूक नोंद जाहीर करण्याबाबतही कलम लागते. सड्यावर जांभा खाणी चालतात, रस्ते निघतात, दुर्मीळ फुलांच्या मागे गर्दी येते. २०२३ मध्ये बारसूच्या तेलशुद्धीकरण प्रकल्पाविरुद्ध आंदोलन पेटले तेव्हा तिथली शिल्पे एकाएकी राजकीय साक्षीदार झाली. ठिकाण लपवले तर संरक्षणाचा दावा लंगडा पडतो आणि सांगितले तर नासधूस होऊ शकते. म्हणून हा निर्णय एकट्या संशोधकाकडे न ठेवता गाव आणि गट यांनी मिळून घ्यावा.

सगळ्यात अवघड कलम तक्रारीचे. किनाऱ्यावरचे अभ्यासविश्व लहान आहे. मार्गदर्शक, परीक्षक, नोकरीच्या मुलाखतीला बसणारे आणि नात्यातले, हे बरेचदा तेच ते लोक असतात. ज्येष्ठाविरुद्ध बोललेल्या विद्यार्थिनीची तक्रार त्याच ज्येष्ठाच्या शिष्यांपुढे जाणार असेल, तर ती तक्रार येणारच नाही. म्हणून तक्रार ऐकणाऱ्या तिघांत निदान एक जण जिल्ह्याबाहेरचा असावा, एक स्त्री असावी, उत्तर किती दिवसांत मिळणार ते आधीच लिहिलेले असावे, आणि संहिता लिहिणाऱ्यांपैकी कोणावर तक्रार आली तर त्याने त्या सुनावणीतून बाजूला व्हावे.