उसाच्या रसाला सुटणारी तार

वाळवा-कराड पट्ट्यात तोडलेला ऊस दोन-तीन दिवस फडात पडून राहिला की उतारा, म्हणजे उसातून मिळणाऱ्या साखरेचं प्रमाण, घसरतो. ‘ऊस वाळला’ हे कारण सगळेच सांगतात. पण वाळल्याने घटते ते वजन. साखर खातात ती उसातली स्वतःची विकरं (एन्झाइम) आणि तोडलेल्या टोकांतून आत शिरणारा ल्युकोनोस्टॉक मेसेंटरॉइडिस हा जीवाणू. शिळ्या रसात बोट बुडवून उचला, बारीक तार निघते. तेच डेक्स्ट्रान, ग्लुकोजची लांब साखळी. गव्हाणीपाशी नारळ जरूर फोडावा, पण ही तार नजर लागून सुटत नाही.

आता त्यामागची करामत पाहा. साखरेच्या रेणूत ग्लुकोज आणि फ्रुक्टोज जोडलेले असतात. जीवाणू डेक्स्ट्रानसुक्रेज नावाचं विकर पेशीबाहेर सोडतो. ते साखर तोडतं, फ्रुक्टोज सोडून देतं आणि ग्लुकोज थेट वाढत्या साखळीत ओवतं. एरवी पेशींना अशी साखळी विणायची तर प्रत्येक ग्लुकोजमागे एटीपीसारखं इंधन जाळावं लागतं. इथे ते लागत नाही; साखरेचा बंध तुटतानाच पुरेशी ऊर्जा मिळते. म्हणून पेशी गाळून काढल्या तरी उरलेल्या द्रवात साखळी वाढतच राहते. हिशेब सरळ आहे: ३४२ ग्रॅम साखरेतून जास्तीत जास्त १६२ ग्रॅम डेक्स्ट्रान, बाकी १८० ग्रॅम फ्रुक्टोज.

कारखान्यात याने पाक घट्ट होतो, स्फटिक लांबट येतात. शिवाय डेक्स्ट्रान ध्रुवित प्रकाश साखरेच्या सुमारे तिप्पट फिरवतं, त्यामुळे प्रकाश किती फिरला यावरून साखर मोजणारा पोलॅरीमीटर रसात नसलेली साखर दाखवतो.

याच जीवाणूला वेगळ्या टाकीत राबवलं की औषध मिळतं. बीटच्या रसातल्या अशाच चिकट्याचा अभ्यास करताना १९४० च्या दशकात स्वीडनमध्ये रक्तद्रवाला पर्याय म्हणून डेक्स्ट्रान पुढे आलं. टाकीतली कृती अशी: निर्जंतुक पाण्यात १० टक्के साखर, यीस्टचा अर्क, थोडं फॉस्फेट. सामू (पीएच) ७, तापमान २५ अंश, वेळ साधारण २४ तास. लॅक्टिक आम्ल तयार होत सामू ५ च्या आसपास उतरतो, तो विकराला मानवतो. आणखी घसरला किंवा तापमान ३० च्या वर गेलं, तर विकर मंदावतं. शेवटी डेक्स्ट्रान खाली बसवायला जवळपास तितकंच अल्कोहोल ढवळत हळूहळू घालायचं. एकदम ओतलं तर चिकट गोळ्यात फ्रुक्टोज अडकतं. मग पुन्हा विरघळवून पुन्हा साका बसवावा लागतो.

खरी कसोटी यापुढची. कच्च्या डेक्स्ट्रानचा रेणुभार लाखो-कोटींत असतो. इतक्या लांब साखळ्यांनी तांबड्या पेशी एकमेकींना चिकटतात. फार तोकड्या साखळ्या लघवीवाटे निघून जातात. म्हणून सौम्य आम्लाने साखळ्या तोडून, अल्कोहोलचं प्रमाण बदलत ४० हजार किंवा ७० हजारांचा वाटा वेगळा काढतात. कारखान्यातल्या चिकट्यात पन्नास जातींचे जंतू आणि माती असते, त्यातून औषध काढण्याच्या बाता कुणी मारल्या तर विश्वास ठेवू नये. तिथे उपाय वेगळा: तोडलेला ऊस २४ तासांत गाळायचा, गिरण्या वाफेने व गरम पाण्याने धुवायच्या, आणि तरीही तार सुटलीच तर रसात डेक्स्ट्रानेज घालायचं. बुरशीपासून मिळणारं हे विकर तीच साखळी मधेमधे कापतं.