वर्गात कासव ठेवायचं म्हणताय? आधी भिंतीवरच्या पालीकडं बघा

वर्गात एखादं कासव ठेवलं तर लेकरांना प्राण्यांची गोडी लागेल असं वाटणारे सर-मॅडम आपल्याकडं बरेच आहेत, आणि त्यामागची तळमळ खरी आहे. जिवंत प्राणी डोळ्यासमोर असला की पुस्तकातल्या चित्रापेक्षा कितीतरी जास्त कळतं. पण सरपटणारा प्राणी टाकीत घालून मराठवाड्यातल्या वर्गात ठेवणं मला अजिबात पटत नाही, का ते सांगतो.

कासव, सरडा, पाल, साप यांचं शरीर आपल्यासारखी आतून उष्णता तयार करून टिकवत नाही. गार वाटलं की उन्हात यायचं, तापलं की सावलीत शिरायचं, असं दिवसभर जागा बदलत ते अंगाचं तापमान सांभाळतात, आणि पचन, हालचाल, आजाराशी लढायची ताकद हे सगळं त्या तापमानावर चालतं. छोट्या टाकीत सगळीकडं सारखंच गरम, मग त्यानं जायचं कुठं? एप्रिल-मेमधे परभणी, नांदेड, बीडकडं पारा 42-43 ला टेकतो, कित्येक वर्गांवर पत्रे, त्यात लाइट गेलेली, आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत तर शाळेला कुलूपच. 40 च्या वर तासन्‌तास राहणं बहुतेक कासवांच्या शरीराला झेपत नाही.

बरं, टाकी खिडकीत ठेवली, ऊन येतंय, तरी भागत नाही. कासवाच्या कातडीत ड जीवनसत्त्व तयार व्हायला उन्हातले यूव्हीबी किरण लागतात आणि खिडकीची साधी काच ते जवळपास सगळे अडवते. मग खाण्यातलं कॅल्शियम अंगी लागत नाही, हाडं ठिसूळ होतात, पाठीचं कवच मऊ पडतं आणि वाकडंतिकडं वाढतं. वरून बघणाऱ्याला मात्र कासव उन्हात मस्त बसलंय असंच दिसतं! आणि या प्राण्यांना तेवढ्याच वजनाच्या उंदरा-सशापेक्षा फार कमी, साधारण दहावा हिस्सा ऊर्जा पुरते, त्यामुळं ते उपाशी किंवा आजारी असले तरी कित्येक आठवडे तसेच निमूट पडून राहतात, आपल्याला पत्ताच लागत नाही. लेकरांना वाटतं, आपलं कासव शांत स्वभावाचं आहे.

कायद्याचंही बघा. पाठीवर चांदण्या असलेलं स्टार कासव 1972 च्या वन्यजीव कायद्यात 2022 च्या दुरुस्तीनंतर पहिल्या अनुसूचीत आहे, म्हणजे ते जवळ बाळगणं गंभीर गुन्हा. दुकानात नाण्याएवढं, डोळ्यामागं लाल पट्टा असलेलं जे कासव 'लकी' म्हणून विकतात ते मूळ अमेरिकेतलं, मोठं होऊन ताटाएवढं होतं आणि 20-30 वर्षं सहज जगतं. तोवर त्याला आणणारी लेकरं कॉलेज संपवून नोकरीला लागलेली असतात. मग कोणीतरी दया म्हणून ते विहिरीत नाहीतर गोदावरीत सोडून देतं आणि ते आपल्या देशी कासवांचं खाणं, ऊन खायच्या जागा बळकावतं. जगातल्या सगळ्यात उपद्रवी 100 परक्या जातींच्या यादीत त्याचं नाव आहे. तुमच्याकडं आधीच असेल तर कृपा करून पाण्यात सोडू नका, वनविभागाच्या 1926 या नंबरवर फोन करून विचारा.

आणि साल्मोनेला! ठणठणीत दिसणाऱ्या कासवाच्या पोटातही हे जंतू असू शकतात, ते विष्ठेतून टाकीच्या पाण्यात आणि कवचावर येतात, लेकरं हात लावतात आणि त्याच हातानं पोषण आहाराची खिचडी खातात. लहान मुलांना यातून जुलाब-ताप होतो म्हणून अमेरिकेनं 1975 मधेच 4 इंचापेक्षा लहान कासवं पाळायला विकण्यावर बंदी घातली.

मग लेकरांना दाखवायचं काय? अहो, सरपटणारा प्राणी तुमच्या वर्गात आधीच राहायला आलाय, फुकट! ट्यूबलाइटमागची पाल. ती विषारी नाही, पाण्यात पडली की माणूस मरतो ही भीती काढून टाका (तिच्या विष्ठेतही साल्मोनेला असतो म्हणून खाणं मात्र झाकून ठेवा). तिच्या बोटांखाली इतके बारीक लाखो केस असतात की भिंतीच्या रेणूंशी त्यांचं आकर्षण होतं, गोंद-बिंद काही नाही. पापण्या नाहीत म्हणून ती जिभेनं डोळे पुसते. संकटात शेपूट तोडते आणि मग नवीन उगवते, आतून हाडाऐवजी कूर्चा असलेली. कोणत्या पालीची शेपूट नवीन आहे हे रंगावरून, ठेवणीवरून लेकरं पटकन ओळखायला लागतात.

कंपाउंडवरच्या सरड्याचा तर अख्खा प्रोजेक्ट होतो. सकाळी तो भिंतीच्या कोणत्या बाजूला, दुपारी कुठं, सावलीत किती वाजता गेला, तिथं थर्मामीटर लावून वहीत लिहायचं, उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात वेगवेगळं. पावसाच्या दिवसांत नराचा गळा लालभडक होतो म्हणून 'रक्त पितो' असं म्हणत पोरं दगड मारतात, तर तो रंग आणि ते मान हलवणं म्हणजे ही जागा माझी आहे एवढंच तो दुसऱ्या नराला सांगत असतो. हे एकदा कळलं की दगड मारणारं पोरगंच सगळ्यात चांगली नोंद ठेवतं.

नकाशाच्या कपाटामागं पालीची दोन पांढरी अंडी सापडली तर तारीख लिहून ठेवा, पण उचलू नका आणि फिरवू तर अजिबात नका, आतला गर्भ कवचाच्या एका बाजूला चिकटलेला असतो, अंडं उलटं झालं की तो मरू शकतो.