सर्वांत लहान कणांचा शोध : दार्जिलिंग आणि कोलारची गोष्ट

रंकाळ्यावर फिरताना हात पुढे केला, तर तळहातातून दर सेकंदाला एखाद-दुसरा म्यूऑन, म्हणजे इलेक्ट्रॉनसारखाच पण जड कण, आरपार जातो. अंतराळातून येणारे वेगवान कण, म्हणजे वैश्विक किरण, वर वातावरणावर आदळतात आणि त्यातून हे म्यूऑन तयार होतात. मूलकण म्हटलं की कोल्हापुरातली मुलं थेट जिनिव्हाचं, म्हणजे तिथल्या सर्न या प्रयोगशाळेचं, नाव घेतात. पण या शोधाची कितीतरी वर्षं अशा आभाळातून पडणाऱ्या कणांवरच निघाली, आणि त्यात आपल्या देशातली माणसं होती.

१८९७ मध्ये जे. जे. थॉमसन यांना इलेक्ट्रॉन सापडला आणि अणू अभेद्य राहिला नाही. १९११ मध्ये रदरफोर्ड यांनी अणुकेंद्र मांडलं, १९३२ मध्ये चॅडविक यांनी न्यूट्रॉन शोधला. म्यूऑन १९३६चा.

दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास देवेंद्रमोहन बोस आणि बिभा चौधुरी या भारतीय भौतिकशास्त्रज्ञांनी दार्जिलिंगच्या डोंगरांत फोटोच्या प्लेटा ठेवून वैश्विक किरणांचे माग टिपले. त्यातल्या कणाचं वस्तुमान इलेक्ट्रॉनच्या सुमारे दोनशे पट येतं, असं त्यांनी ‘नेचर’मध्ये मांडलं. जास्त संवेदनक्षम प्लेटा युद्धामुळे मिळेनात आणि काम तिथेच अडलं. पुढे सेसिल पॉवेल यांच्या गटाला सुधारित प्लेटांवर १९४७ मध्ये पायॉन (अणुकेंद्र बांधून ठेवणाऱ्या बलाशी जोडलेला कण) सापडला; पॉवेल यांना १९५०चं नोबेल मिळालं. बिभा चौधुरींचं नाव आजही फार थोड्यांना ठाऊक आहे, याचं वाईट वाटतं.

दुसरी जागा शेजारच्या कर्नाटकातली : कोलारची सोन्याची खाण. न्यूट्रिनो हा पदार्थातून जवळजवळ न अडता जाणारा कण. तो पकडायचा तर म्यूऑनचा मारा टाळावा लागतो, आणि हा मारा अडवायला जाड खडकच हवा. दोन किलोमीटरहून जास्त खोलीवर टाटा मूलभूत संशोधन संस्थेने जपानी आणि ब्रिटिश सहकाऱ्यांसोबत उपकरणं लावली. १९६५ मध्ये तिथे वातावरणात जन्मलेल्या न्यूट्रिनोंची नोंद झाली. त्याच वर्षी दक्षिण आफ्रिकेतल्या खाणीतही ते दिसले.

तोवर क्वार्कची, म्हणजे प्रोटॉन आणि न्यूट्रॉन ज्यांचे बनतात त्या कणांची, कल्पना आली होती (१९६४). जितकं बारीक पाहायचं तितकी ऊर्जा जास्त लागते, म्हणून यंत्रं वाढत गेली. सर्नमधल्या, कणांच्या टकरी घडवणाऱ्या यंत्राचं वर्तुळ २७ किलोमीटरचं झालं आणि २०१२ मध्ये तिथे हिग्ज बोसॉन (मूलकणांना वस्तुमान कसं मिळतं याच्याशी जोडलेला कण) सापडला. त्या प्रयोगांत भारतीय शास्त्रज्ञ होते. २०१७ मध्ये भारत सर्नचा सहयोगी सदस्य झाला. क्वार्क आणि इलेक्ट्रॉन यांच्या आत आणखी काही असल्याची खूण अजून कोणत्याही यंत्राला दिसलेली नाही.