सागाची जहाजं, लोखंडी खिळे आणि लाकूड खाणारा शिंपला

व्हॉट्सॲपवर एक मेसेज वर्षानुवर्षं फिरतोय, की अमेरिकेचं राष्ट्रगीत ज्या जहाजावर लिहिलं गेलं ते 'एचएमएस मिंडेन' आपल्या मुंबईत बांधलेलं होतं. यातलं अर्धंच खरं आहे. मिंडेन 1810 मध्ये मुंबईच्या गोदीत वाडिया या पारशी जहाजबांधणी घराण्यानंच बांधलं, पण 1814 मध्ये बाल्टिमोरजवळ फ्रान्सिस स्कॉट की यांनी ती कविता लिहिली तेव्हा ते एका कैद्याला सोडवायच्या बोलणीसाठी गेलेल्या अमेरिकन जहाजावर होते, मिंडेनचा तिथे काही संबंध नव्हता. असल्या मेसेजनी मला त्रास होतो, कारण खरी गोष्ट त्याहून कितीतरी मोठी आहे आणि ती कुणी फॉरवर्ड करत नाही.

मुंबईत 12 ऑक्टोबर 1817 ला पाण्यात सोडलेलं 'एचएमएस ट्रिंकोमाली' आजही तरंगतंय. इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावर हार्टलपूल नावाचं गाव आहे, तिथे तिकीट काढून त्याच्या डेकवर चढता येतं. याचे नकाशे इंग्लंडहून मुंबईला 'जावा' नावाच्या जहाजातून पाठवले होते, ते जहाज 1812 मध्ये अमेरिकेबरोबरच्या लढाईत ब्राझीलजवळ संपलं, मग पुन्हा दुसरे नकाशे पाठवावे लागले. कणा बसवताना जमशेटजी बमनजी वाडियांनी पारशी प्रथेप्रमाणे त्यात चांदीचा खिळा ठोकला. त्यांच्याच घराण्यातले लवजी नसरवानजी 1736 मध्ये सुरतेहून मुंबईला आले, 1750 मध्ये इथे कोरडी गोदी झाली आणि मग पिढ्यानपिढ्या हेच काम. 1842 मध्ये चीनशी नानकिंगचा तह ज्या 'कॉर्नवॉलिस'वर झाला तेही मुंबईचंच.

मग प्रश्न असा, की इंग्लंडची ओकची जहाजं पटापट डागडुजीला यायची ('क्वीन शार्लट' 1810 मध्ये पाण्यात सोडलं आणि मोहिमेवर जायच्या आधीच बुरशीनं खाल्लं), मग मुंबईची सागाची एवढी का टिकली? लगेच उत्तर येतं, साग तेलकट असतो म्हणून पाण्यात कुजत नाही. हे चूक नाही, पण अपुरं आहे, कारण समुद्रात पाण्याखालच्या लाकडाचा खरा शत्रू कुजणं नाहीच. पूर्ण बुडालेल्या लाकडाला हवा कमी मिळते, तिथे बुरशी फारशी वाढत नाही. समुद्रात लाकूड खाल्लं जातं.

आणि खाणारा प्राणी कोण, तर शिंपला. दिसतो अळीसारखा, इंग्रजीतही त्याला जहाजाची अळी म्हणतात, पण तो तिसऱ्या आणि कालवं यांच्या गोतातला, दोन शिंपांचा प्राणी. नाव टेरेडो. त्याची पिल्लं इतकी बारीक की पाण्यात तरंगताना दिसत नाहीत. एखादं पिल्लू लाकडाला चिकटतं, टाचणीच्या टोकाएवढं भोक पाडून आत शिरतं आणि मग आयुष्यभर बाहेर येत नाही. आत वाढत जातं तशा त्याच्या दोन शिंपा शरीर झाकायचं काम सोडून तोंडाशी राहतात, त्यांच्यावर बारीक दात्यांच्या रांगा असतात, कानशीसारख्या, आणि त्या मागेपुढे घासत तो लाकडाचा भुगा करत पुढे जातो. मागे बोगद्याला आतून चुन्याचा पांढरा गिलावा करत जातो. शेपटीकडच्या दोन नळ्या भोकातून बाहेर, पाणी घ्यायला आणि टाकायला, आणि काही धोका वाटला किंवा पाणी गोडं झालं तर दोन छोट्या चुनखडी झडपांनी भोक बंद. शेजारी शेकडो बोगदे असले तरी एक दुसऱ्यात सहसा घुसत नाही. म्हणून बाहेरून फळी धडधाकट दिसते आणि आतून तिची चाळण झालेली असते. कोलंबसची दोन जहाजं अशीच पोखरून 1503 मध्ये त्याला जमैकाच्या किनाऱ्याला लावावी लागली.

पण मला सगळ्यात आवडतं ते पुढचं. लाकूड म्हणजे मुख्यतः सेल्युलोज, साखरेच्या कणांची लांबच लांब साखळी, आणि ती तोडणं बहुतेक प्राण्यांना जमत नाही. गाय किंवा वाळवी पोटात जंतू पाळते आणि ते जंतू हे काम करतात. टेरेडोच्या ज्या पोटाच्या पिशवीत लाकडाचा भुगा साठतो तिथे मात्र जंतू जवळजवळ नसतातच. त्याचे जंतू राहतात कल्ल्यांमध्ये, म्हणजे श्वास घ्यायच्या अवयवात, तिथल्या खास पेशींच्या आत. सेल्युलोज तोडणारी एन्झाइम्स तिथे बनतात आणि मग पोटात पोचतात, नुसती एन्झाइम्स, जंतू नाही. त्यामुळे सुटलेली साखर जंतूंनी फस्त करायचा प्रश्नच नाही, ती थेट शिंपल्याला मिळते. दुसरी अडचण, लाकडात कार्बन भरपूर पण नायट्रोजन नगण्य, आणि नायट्रोजनशिवाय प्रथिनं होत नाहीत, तर त्याच जंतूंमधला टेरेडिनिबॅक्टर नावाचा एक पाण्यात विरघळलेला नायट्रोजन वायू पकडून अमोनिया बनवतो, आपल्या हरभऱ्याच्या मुळांवरच्या गाठींत जे होतं तेच. म्हणजे नुसत्या फळीवर जगणारा प्राणी स्वतःचं खत स्वतः तयार करतो!

1731 च्या सुमारास हॉलंडमध्ये समुद्राच्या बांधांचं लाकूड या प्राण्यानं पोखरलेलं सापडलं तेव्हा तिथल्या धर्मोपदेशकांनी हा देवाचा कोप म्हणून जाहीर केलं. उपयोग झाला तो 1733 मध्ये सेलियस नावाच्या माणसानं हा प्राणी नीट चिरून बघून तो शिंपल्यातला आहे हे दाखवलं त्याचा.

आता सागाकडे. त्याच्या गाभ्यात टेक्टोक्विनोन वगैरे क्विनोन जातीची रसायनं असतात, रबरासारखा चिकट पदार्थ असतो आणि वाळूतली सिलिकाही असते. सिलिकेनं सुताराच्या रंध्याची धार पटकन जाते हे सागावर काम केलेला कुणीही सांगेल. कीटकांना, बुरशीला ही रसायनं नकोशी असतात. टेरेडोही सागात इतर लाकडांपेक्षा हळू जातो, पण सागाला तो हातच लावत नाही असं नाही.

सागाचा दुसरा गुण त्याहून महत्त्वाचा वाटतो, तो लोखंडी खिळ्यांचा. ओकमध्ये टॅनिन, म्हणजे तुरट आम्लधर्मी द्रव्य, भरपूर. हिरडा आणि हिराकस एकत्र केले की काळी शाई होते ना, ती टॅनिन आणि लोखंडाचीच. ओकच्या ओल्या फळीत खिळा ठोकला की आत हेच सुरू होतं, आम्लामुळे खिळा झिजतो, आजूबाजूचं लाकूड काळं पडून भुसभुशीत होतं आणि सांधा सैल. सागात टॅनिन फार कमी, वर तेलाचा थर, म्हणून खिळा वर्षानुवर्षं पकड धरून राहतो. साडेसाती टळावी म्हणून जुन्या होडीच्या खिळ्याची अंगठी आपल्याकडे विकतात, लोक खरंच पैसे मोजतात. त्या खिळ्यात शनीचं काहीही नाही, तो टिकला तो लाकडाच्या रसायनामुळे, आणि ग्रहाच्या भीतीवर कुणाकडून पैसे काढणं मला चीड आणतं.

कोकणातल्या लोकांनी यातलं बरंच अनुभवानं शिकून घेतलं होतं. पावसाळ्यात होड्या वर ओढून झावळ्यांनी शाकारायच्या, त्यात वादळापासून बचाव आहेच, पण कित्येक आठवडे खारं पाणी न मिळाल्यानं आतले शिंपलेही मरतात. मोरी माशाच्या (शार्कच्या) यकृताचं तेल फळ्यांना चोपडायचे. विजयदुर्गजवळ वाघोटन खाडीत खडकात कोरलेली जुनी गोदी आहे, तिथे भरतीला गलबत आत घ्यायचं आणि ओहोटीला तळ कोरडा मिळायचा, मग साफसफाई, दुरुस्ती.

एक गोष्ट सांगायलाच हवी, ब्रिटिश आरमारानं नुसत्या सागावर भरवसा ठेवला नव्हता. तळाला तांब्याचे पत्रे ठोकायचे, तांब्यातून टेरेडो जात नाही. पण तांबं आणि लोखंड खाऱ्या पाण्यात एकमेकांना टेकले की बॅटरी तयार होते आणि झिजतं ते लोखंड. 1761 मध्ये 'अलार्म' जहाजावर तांबं लावून पाहिलं, दोन वर्षांनी बघतात तर खिळे खलास, आणि जिथे पत्र्याखाली चुकून पॅकिंगचा जाड कागद राहिला होता तिथले मात्र शाबूत. मग तळाला तांब्याच्या मिश्रधातूचे खिळे वापरू लागले. 1824 मध्ये हम्फ्री डेव्ही या इंग्रज रसायनशास्त्रज्ञानं उलटा विचार केला, की तांब्याला मुद्दाम जस्ताचा किंवा लोखंडाचा तुकडा जोडा म्हणजे तो झिजेल आणि तांबं वाचेल. तांबं वाचलं खरं, पण तांब्याचे विषारी क्षार पाण्यात जायचेही थांबले, त्यामुळे तळावर शंखशिंपले आणि शेवाळ माजलं आणि जहाजं मंदावली, तेव्हा आरमारानं ती युक्ती सोडून दिली. पुढे लोखंडी जहाजं आली तेव्हा तीच युक्ती परत आली आणि आज सर्रास वापरतात. ससून डॉकला किंवा हर्णैला ट्रॉलर दुरुस्तीसाठी वर काढलेला दिसला तर पंख्याजवळ बघा, राखाडी जस्ताचे ठोकळे बोल्टनं बसवलेले असतात, अर्धे खाल्लेले.