उत्तर आयर्लंडमधली म्युरल्स आणि स्मारकं

बेलफास्ट आणि डेरीच्या कामगार वस्त्यांमध्ये घरांच्या भिंतींवर जी मोठमोठी राजकीय चित्रं रंगवलेली असतात ती म्हणजे म्युरल्स. तिकडे घरं एकमेकांना चिकटून रांगेत असतात, रांगेच्या टोकाच्या घराची बाजूची भिंत छपरापर्यंत सलग जाते, तिला गेबल म्हणतात, आणि बरीचशी म्युरल्स या गेबलवरच असतात. वस्ती कुणाची हे कळायला कुणाला विचारावं लागत नाही. काही गल्ल्यांत तर फुटपाथच्या कडेचे दगडसुद्धा रंगवलेले असतात, लाल-पांढरे-निळे म्हणजे ब्रिटनसोबत राहू इच्छिणारे युनियनिस्ट (बहुतेक प्रोटेस्टंट), हिरवे-पांढरे-नारिंगी म्हणजे अखंड आयर्लंड मागणारे नॅशनलिस्ट (बहुतेक कॅथलिक). यांच्यातल्या कट्टर लोकांना अनुक्रमे लॉयलिस्ट आणि रिपब्लिकन म्हणतात. १९६० च्या दशकाच्या शेवटी पेटलेला आणि १९९८ च्या गुड फ्रायडे करारापर्यंत चाललेला संघर्ष तिथे ‘ट्रबल्स’ या साध्या नावाने ओळखला जातो, त्यात साडेतीन हजारांच्या आसपास माणसं गेली.

भिंती रंगवायची पद्धत मुळात युनियनिस्ट लोकांची. १६९० साली बॉइनच्या लढाईत जिंकलेला प्रोटेस्टंट राजा तिसरा विल्यम, म्हणजे त्यांचा ‘किंग बिली’, पांढऱ्या घोड्यावर बसून नदी ओलांडतोय हे चित्र १९०८ पासून बेलफास्टच्या भिंतींवर आहे, आणि दरवर्षी त्या विजयाच्या आठवणीत निघणाऱ्या १२ जुलैच्या मिरवणुकांच्या आधी त्यावर नवा हात फिरवायचा हा रिवाजच होता. कॅथलिक वस्त्यांना भिंती अशा मोकळ्या मिळणं शक्य नव्हतं, सत्ता दुसऱ्यांची होती. डेरीत जानेवारी १९६९ मध्ये एका गेबलवर नुसती अक्षरं लिहिली गेली, ‘तुम्ही आता फ्री (म्हणजे मुक्त) डेरीत प्रवेश करत आहात’. मागची घरं नंतर पाडली, तेवढी भिंत मात्र ठेवली, आज ती रस्त्याच्या मधोमध एकटी उभी आहे.

रिपब्लिकन म्युरल्सची खरी लाट आली १९८१ मध्ये. तुरुंगात राजकीय कैद्याचा दर्जा मागत दहा रिपब्लिकन कैदी उपोषणात मेले, पहिला बॉबी सँड्स, ६६ व्या दिवशी. तरुण पोरांनी मिळेल त्या भिंतीवर त्यांचे चेहरे रंगवले. सँड्सचं बेलफास्टच्या फॉल्स रोडवरचं हसऱ्या चेहऱ्याचं म्युरल आता जगभर माहीत आहे. लॉयलिस्ट वस्त्यांत, शँकिल रोडच्या बाजूला, पुढे बुरखाधारी बंदूकवाले जास्त दिसायला लागले. यांतलं एक लोकांच्या फार लक्षात राहिलंय, त्यातली बंदुकीची नळी तुम्ही रस्त्यावर कुठेही उभे राहा, तुमच्याकडेच रोखलेली वाटते. रोज शाळेत जाताना लहान मुलं त्याखालून गेली असतील हे विसरून त्याला नुसतं ‘भारी कला’ म्हणणं मला जमत नाही.

दोन्ही बाजूंचं १९१६ साल वेगळं आहे, हे कळलं की अर्धी म्युरल्स वाचता येतात. रिपब्लिकनांसाठी ते ब्रिटिशांविरुद्ध डब्लिनमध्ये झालेल्या ईस्टर उठावाचं वर्ष, त्याची खूण लिलीचं फूल. लॉयलिस्टांसाठी पहिल्या महायुद्धात, १ जुलैला फ्रान्समधल्या सोम इथल्या लढाईत कापली गेलेली ब्रिटिश सैन्याची ३६ वी अल्स्टर डिव्हिजन, तिची खूण लाल पॉपीचं फूल. स्मारकांचंही तेच. फॉल्सजवळच्या बॉम्बे स्ट्रीटची (हो, हेच नाव) घरं ऑगस्ट १९६९ मध्ये जाळली गेली, तिथे आता स्मृतिउद्यान आहे, आणि त्याच्या मागेच दोन वस्त्या वेगळ्या करणारी उंच ‘पीस वॉल’. प्रत्येक वस्ती आपल्या मेलेल्यांची नावं दगडात कोरते, पलीकडच्यांची नाही.

२००६ मध्ये तिथल्या आर्ट्स कौन्सिलने बंदूकवाली चित्रं बदलायला पैसे देणारी योजना काढली. फुटबॉलपटू जॉर्ज बेस्ट, टायटॅनिक जहाज असे विषय भिंतींवर दिसतात तेही बघायला बरे वाटतात. पण माझ्या मते सगळ्यात मोलाचा बदल डेरीच्या बॉगसाइडमधला. तिथे १९७१ मध्ये गोळी लागून गेलेल्या १४ वर्षांच्या शाळकरी मुलीचं म्युरल आहे, शाळेच्या युनिफॉर्ममध्ये उभी, बाजूला एक रायफल उलटी, आणि वर एक फुलपाखरू. चित्रकारांनी ते फुलपाखरू मुद्दाम बिनरंगाचं ठेवलं होतं, शांतता टिकते का ते बघू म्हणून. २००६ मध्ये ते परत शिडीवर चढले, फुलपाखरात रंग भरला आणि रायफल मधोमध मोडलेली रंगवली. बेलफास्टमध्येही २००७ साली डॅनी डेव्हेनी हा रिपब्लिकन आणि मार्क एर्व्हिन हा लॉयलिस्ट बाजूचा चित्रकार, दोघांनी मिळून पिकासोच्या ‘गेर्निका’ या युद्धविरोधी चित्राची प्रत भिंतीवर काढली.

दोन्हीकडच्या मेलेल्यांना एकत्र धरणारं स्मारक शोधायचं तर ओमा या गावी जावं लागतं. १५ ऑगस्ट १९९८ ला, करार होऊन चार महिने झाले होते, तिथे भर बाजारात कार बॉम्ब फुटला, २९ माणसं गेली, कॅथलिक, प्रोटेस्टंट, स्पेनहून आलेले दोघं, आणि एका बाईच्या पोटातली जुळी. स्मारकावर बॉम्ब कुणी ठेवला ते लिहायचं की नाही यावर बरंच भांडण झालं. २००८ मध्ये ते खुलं झालं. बागेत ३१ छोटे आरसे आहेत, पोटातल्या दोघांनाही धरून, आणि सूर्यामागे फिरणारा एक आरसा त्यांच्यावर ऊन पाडतो, तिथून ते ऊन गावात बॉम्ब फुटला त्या जागेवरच्या काचेच्या खांबात बसवलेल्या स्फटिकाच्या हृदयापर्यंत पोचतं.