थ्री नॉट थ्री दिसते, पण ती नाही

गणपती विसर्जनाच्या रात्री बेळगावच्या कपिलेश्वर तलावाजवळ बंदोबस्तातल्या एका पोलिसाच्या खांद्यावरची बंदूक बघून भाच्यानं विचारलं, मामा, थ्री नॉट थ्री काय ओ ही? मी मॅगझीनकडं, म्हणजे खालच्या गोळ्यांच्या डब्याकडं बघितलं. थ्री नॉट थ्रीचं, म्हणजे जुन्या ब्रिटिश ली-एनफिल्ड रायफलचं मॅगझीन खाली तिरकं असतं, हे सरळ चौकोनी होतं. म्हटलं नाही रे, ही इशापूरची 2ए1, आणि मग त्या गर्दीतच उभं राहून त्याला सगळं सांगत बसलो.

1962 ला चीनविरुद्ध आपले जवान बरेचसे थ्री नॉट थ्री घेऊनच लढले. त्यानंतर फौजेत एसएलआर, म्हणजे पुढची गोळी आपोआप भरणारी रायफल यायला लागली, तिची गोळी 7.62 बाय 51 मिलिमीटरची. पण एवढ्या मोठ्या फौजेला एसएलआर पुरवायची म्हणजे वर्षं जाणार, आणि तोवर अर्ध्यांकडं एक गोळी आणि अर्ध्यांकडं दुसरी असली तर डोंगरावर चुकीची पेटी पोचली की संपलंच. म्हणून बंगालमधल्या इशापूरच्या रायफल फॅक्टरीनं जुन्या ओळखीच्या बोल्ट ॲक्शनलाच, म्हणजे दर गोळीला हातानं बोल्ट ओढायच्या रायफललाच नवी गोळी द्यायचं ठरवलं. ब्रिटननं दुसऱ्या महायुद्धात नंबर 4 रायफल घेतली तरी इशापूरला त्याआधीची नंबर 1 मार्क 3 च बनत राहिली होती (दोन्ही थ्री नॉट थ्रीच), मशिनरी आणि हात दोन्ही तिचेच, म्हणून नवी पण तिच्यावरच बेतली.

बरेच जण म्हणतात जुन्या बंदुकीची नळी बदलली आणि झालं. हे चूक आहे, आणि मला ते खटकतं, कारण खरं काम तर पोलादात आहे. 2ए (2ए1 ही तिचीच पुढची आवृत्ती) या रायफली नव्यानं बनवलेल्या आहेत, बाहेरून जुन्यासारख्या पण आतलं स्टील आणखी मजबूत.

उद्यमबागेत हायड्रॉलिकचं काम करणाऱ्याला बारचा, म्हणजे दाबाचा आकडा लगेच कळतो. आपण पॉवरपॅक (तेलाला दाब देणारा पंप) 210 बारला चालवताना होज दोनदा तपासतो. थ्री नॉट थ्रीच्या गोळीचा दाब सुमारे 3,650 बारपर्यंत जातो, 7.62 चा सुमारे 4,150 पर्यंत, आणि हे सगळं हातभर अंतरावर गाल टेकवलेल्या माणसासमोर. त्यात ली-एनफिल्डचा बोल्ट अडकतो मागच्या बाजूला, म्हणजे गोळी सुटली की अख्खा बोल्ट दाबला जातो आणि बॉडी ताणली जाते. जर्मन माऊझर रायफलमध्ये लग (बोल्ट अडकवणारे दात) पुढं असतात, तिथं हा ताण थोड्याच लांबीत राहतो. म्हणून इथं मजबूत स्टीलशिवाय इलाज नव्हता. पण मागच्या लगचा फायदा पण आहे, बोल्ट थोडाच मागं ओढावा लागतो आणि 60 अंशच फिरवायचा, माऊझरला 90. जेम्स पॅरिस ली यांच्या डिझाइनचा हा वेग जवानांना आवडायचा.

दुसरी अडचण काडतुसाची. थ्री नॉट थ्रीच्या बुडाला बाहेर आलेली कड असते, ती चेंबरच्या (नळीत काडतूस बसतं त्या जागेच्या) तोंडाशी अडकते आणि काडतूस किती आत जाणार ते तिच्यावरच ठरतं. 7.62 ला अशी कड नाही, बुडाजवळ खाच आहे, आणि आत ते खांद्यावर टेकतं. म्हणून रिकामी केस ओढणारा एक्स्ट्रॅक्टर बदलावा लागला, तो आता कडेला नाही, खाचेला पकडतो. चेंबर पण वेगळं, मॅगझीन पण.

2ए आली 1963 ला, आणि थोड्याच वर्षांत 2ए1. त्यांतला मुख्य फरक साईटचा, म्हणजे नेम धरायच्या पट्टीचा. 2ए ला 2000 मीटरपर्यंतच्या खुणा होत्या, 2ए1 ला त्या 800 मीटरवर आणल्या. 2000 मीटरवरचा माणूस नुसत्या डोळ्यानं कोण टिपणार, 800 च बरोबर होतं. आणि बटाच्या (खांद्याला टेकणाऱ्या भागाच्या) मागची प्लेट तर एसएलआरचीच बसवली.

आमच्या आजोळी खानापूरकडं एक काका मराठा लाइट इन्फंट्रीतून रिटायर झालेत. रायफलचा विषय निघाला की ते अजून रिकाम्या हातानं बोल्ट चालवून दाखवतात, तळहात वर, मागं, पुढं, खाली. पुढं ढकलतानाच स्प्रिंग ताणली जाते ना, त्यामुळं शेवटच्या इंचाला जोर लागतो. काकांचा हात तिथं थोडा थांबतो, मग खाली जातो.