टेनिसमधील वर्णभेद आणि कृष्णवर्णीय महिला खेळाडू

अमेरिकेतील लॉन टेनिसच्या प्रमुख स्पर्धांपासून कृष्णवर्णीय स्त्रियांना दूर ठेवणारी प्रथा व तिच्याविरुद्धचा लढा. राष्ट्रीय लॉन टेनिस संघटनेच्या (स्थापना १८८१) हिरवळीवरील स्पर्धा बहुधा खाजगी क्लबांत भरत आणि त्या क्लबांची दारे कृष्णवर्णीयांना बंद असत. त्यामुळे १९१६ मध्ये वॉशिंग्टन येथे अमेरिकन टेनिस असोसिएशन ही कृष्णवर्णीयांची स्वतंत्र संघटना निघाली. बॉल्टिमोर येथील तिच्या पहिल्या राष्ट्रीय स्पर्धेत (१९१७) महिला एकेरीचे विजेतेपद लूसी डिग्ज स्लो यांनी मिळविले.

याच स्पर्धेत ओरा वॉशिंग्टन यांनी १९२९ ते १९३५ अशी सलग सात वर्षे आणि पुन्हा १९३७ मध्ये एकेरी जिंकली. त्यांच्या जन्मवर्षाविषयी एकवाक्यता नाही. ते एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीचे असावे. त्या काळच्या आघाडीच्या श्वेतवर्णीय खेळाडू हेलन विल्स यांनी त्यांच्याशी खेळण्यास नकार दिला, असे अनेक ठिकाणी लिहिलेले आढळते. तथापि दोघींना एका कोर्टवर येऊच न देणारी व्यवस्था अस्तित्वात असताना तो अन्याय एका व्यक्तीच्या नकारापुरता मानणे योग्य वाटत नाही.

१९५० मध्ये कृष्णवर्णीय खेळाडू ॲल्थिया गिब्सन (१९२७–२००३) यांना न्यूयॉर्कमधील फॉरेस्ट हिल्स येथील राष्ट्रीय स्पर्धेत प्रवेश मिळाला. याचे श्रेय कोणाचे, यावर मतभेद आहेत. माजी विजेत्या ॲलिस मार्बल यांनी त्या वर्षी जुलैमध्ये ‘अमेरिकन लॉन टेनिस’ मासिकात खुले पत्र लिहून टेनिसजगताच्या ढोंगावर बोट ठेवले आणि प्रचलित मतानुसार त्यामुळे बंदी उठली. पत्राचे नैतिक बळ मोठे होते, यात शंका नाही. परंतु गिब्सन १९४९ मध्येच राष्ट्रीय इनडोअर स्पर्धेत उपांत्यपूर्व फेरीपर्यंत पोहोचल्या होत्या. शिवाय त्यांच्या शिक्षणाचा व सरावाचा भार ह्यूबर्ट ईटन आणि रॉबर्ट वॉल्टर जॉन्सन या कृष्णवर्णीय डॉक्टरांनी उचलला होता आणि असोसिएशनचे पदाधिकारी राष्ट्रीय संघटनेशी वाटाघाटी करीत होते. हा क्रम पाहता पत्राने आधीच सुरू झालेल्या प्रक्रियेला गती दिली, हे मत अधिक ग्राह्य दिसते. पत्रानंतरही न्यू जर्सीतील एका स्पर्धेने पुरेशी माहिती नसल्याचे कारण देऊन त्यांचा प्रवेश नाकारला होता.

फॉरेस्ट हिल्सला दुसऱ्या फेरीत विम्बल्डन विजेत्या लुईस ब्रॉ यांच्याविरुद्ध गिब्सन निर्णायक सेटमध्ये ७–६ अशा पुढे असताना वादळामुळे खेळ थांबला. दुसऱ्या दिवशी ब्रॉ यांनी तो सेट ९–७ असा जिंकला. पुढे गिब्सन यांनी फ्रेंच स्पर्धा (१९५६) आणि विम्बल्डन व अमेरिकन राष्ट्रीय स्पर्धा (दोन्ही १९५७, १९५८) जिंकल्या. तो काळ हौशी टेनिसचा असल्याने त्यांना या विजयांबद्दल बक्षिसाची रक्कम मिळाली नाही.

त्यांच्यानंतर ग्रँड स्लॅम (चार प्रमुख स्पर्धांपैकी एक) एकेरी जिंकणारी कृष्णवर्णीय अमेरिकन स्त्री १९९९ मध्ये सेरेना विल्यम्स यांच्या रूपाने पुढे आली. त्याआधी झिना गॅरिसन १९९० मध्ये विम्बल्डनच्या अंतिम फेरीत पोहोचल्या होत्या. स्त्री-पुरुषांना समान बक्षीस रक्कम मिळावी, यासाठी व्हीनस विल्यम्स यांनी जाहीर आग्रह धरला. विम्बल्डनने २००७ मध्ये ही मागणी मान्य केली आणि त्या वर्षीची महिला एकेरी व्हीनस यांनीच जिंकली.